पखवाज काय सातबाऱ्यावर चढवलाय?

आमच्या गावच्या भजनी मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पंधरा दिवस एकच विषय चाललाय. आषाढीला पखवाजावर कोण बसणार? आमच्या दादाचा मुलगा, की आळंदीला चार वर्षं राहून शिकून आलेला वरच्या आळीतला पोरगा? आजोबा वाजवायचे, वडील वाजवायचे, दादा वाजवतो, म्हणून आता पुतण्या. 'पखवाज काय सातबाऱ्यावर चढवलाय?' असं एकानं लिहिलं आणि त्याला धडाधड अंगठे पडले. मग आमदारांची पोरं आली, नटांची पोरं आली, शेवटी संगीतातली घराणेशाही. पुण्यात स्थायिक झालेल्या एकानं नेहमीचा एक्का टाकला: भीमसेन जोशी कुठे गवयाच्या पोटी जन्मले? वडील मास्तर होते.

खरं आहे. तरी डोकं फिरलं. लॉन अर्धं कापून मशीन तिथंच सोडलं आणि गॅरेजमध्ये लिहायला बसलो.

मी मेम्फिसला एकोणीस वर्षं राहतो. आय-२२ धरून तासाभरात मिसिसिपीतलं होली स्प्रिंग्ज येतं. हा ब्लूज, म्हणजे इथल्या काळ्या लोकांचं लोकसंगीत, वाजवणाऱ्या बर्नसाइड मंडळींचा मुलूख. आर. एल. बर्नसाइड १९२६ चा. दुसऱ्याची जमीन वाट्यानं कसायची, मासे धरून विकायचे आणि शनिवारी रात्री गिटार. मध्ये पोटासाठी शिकागोला गेला, तिथं बाप आणि भाऊ मारले गेले, परत आला. १९६७ मध्ये जॉर्ज मिचेल नावाच्या माणसानं त्याचं वाजवणं ध्वनिमुद्रित केलं. पण जगानं ऐकलं ते नव्वदीच्या दशकात, साठी उलटल्यावर. जावई कॅल्व्हिन जॅक्सन ड्रमवर. कॅल्व्हिनचा मुलगा सेड्रिक, १९७८ चा, तेराव्या वर्षी आजोबांच्या मागे ड्रमवर बसून दौरे करू लागला. आजोबांना तो 'बिग डॅडी' म्हणतो. गिटार नंतर हाती आली. २०२१ मध्ये त्याला लोककलावंतांसाठीची नॅशनल हेरिटेज फेलोशिप मिळाली, २०२२ मध्ये पारंपरिक ब्लूजचं ग्रॅमी.

आता सांगा, याला घराणेशाही म्हणायचं? वारशात काय आलं? जूक जॉइंटमधला, म्हणजे गावाकडच्या दारू-नाचगाण्याच्या अड्ड्यावरचा धूर आणि रात्रीची जागरणं. तिथल्याच ज्या जूनियर किंब्रो या ब्लूजवाल्याच्या जूक जॉइंटमध्ये ही सगळी वाजवायची, ते २००० साली जळून गेलं. म्हणजे जागासुद्धा राहिली नाही.

होली स्प्रिंग्जकडच्या टेकड्यांमधला ब्लूज एका जागेवर उभा असतो. नेहमीचा बारा बारांच्या (ट्वेल्व्ह-बार) साच्यातला, कॉर्ड बदलत जाणारा ब्लूज ऐकलेल्यांना वाटतं, हा पुढं सरकत का नाही? एकच सुरावट फिरत राहते, खाली ड्रमचा ठोका, आणि दहाव्या-पंधराव्या फेरीला मान आपोआप हलायला लागते. सेड्रिकला पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या हातात कॅटफिशची प्लेट होती. ती तशीच राहिली. गजर चढल्यावर आमच्या देवळात जे होतं, तेच होत होतं. कार्पोरेटमधला माझा एक मराठी मित्र शेजारी होता. 'एकच कॉर्ड आहे रे,' असं म्हणून तो ट्रक काढायला गेला. तो मुंबईचा. जाऊ दे.

आणि आपल्याकडे 'घराणं' हा शब्द तरी कुणासाठी राखलाय? शास्त्रीयवाल्यांसाठी. नारायणगावच्या भाऊ-बापूंच्या तमाशाच्या फडात वाढलेली विठाबाई बाळंतपण उरकून पुन्हा बोर्डावर उभी राहिली. तिच्या घरातल्या पोरींना कुणी 'घराण्याच्या वारसदार' म्हणून शाल दिली? गरिबाच्या घरात कला पिढ्यान्‌पिढ्या चालते तेव्हा तिला घराणेशाही म्हणणारे लोक बहुतेक फ्लॅटमध्ये राहतात. (मीही राहतो. फ्लॅट नाही, चार बेडरूम.)

हे सगळं ग्रुपवर टाकलं. एक गोष्ट मात्र गाळली. आर. एल. स्वतः घरात शिकला नव्हता. तो शिकला शेजारच्या फ्रेड मॅकडॉवेल या ब्लूजवाल्याकडं. सोयीचं नव्हतं, म्हणून नाही लिहिलं.

त्यावर दादाचं एका ओळीचं उत्तर आलं: 'तुझ्या पोराला पखवाजाला कणीक लावता येती का?'

माझा मुलगा लॅक्रॉस खेळतो. मलाही आठव्या वर्षी अण्णांनी पखवाजावर बसवलं होतं. बारावीला मी उठलो तो उठलोच. निघताना त्यांनी जुना पखवाज बांधून दिला. विमानतळावर त्याचं जास्तीचं सामान भरताना मी चिडलो होतो. तो वर बोनस रूममध्ये आहे. मघाशी सॅम्स क्लबच्या पिठाची कणीक भिजवून डाव्या तोंडाला थापली. एसीच्या हवेत चामडं इतकं आवळलंय की 'धा' मारला की खोक्यावर मारल्यासारखं वाजतं. वाजवायचं काय, तेही दोन आवर्तनांपुढं आठवेना.

दादाला फोन लावला. तिकडं रात्रीचे अकरा.

"अरे, ते मिटलं की," दादा म्हणाला. "आषाढीला वरच्या आळीतलाच बसणार. आपलं पोरगं सहा महिनं झालं त्याच्याकडंच जातंय शिकायला. तुला कुणी सांगितलं न्हाई व्हय?"

मी काही बोललो नाही.

"बरं, तिकडं पाऊस हाय का?"