खुलासा: ‘आयपी६८’ फोन मुलाने पाण्यात टाकला तर कंपनी बदलून देते?

पालकांच्या ग्रुपवर एक संदेश फिरतोय: फोनवर ‘आयपी६८’ लिहिलेले असेल आणि मुलाने तो बादलीत टाकला, तर वॉरंटीत नवा फोन मिळतो. हे खरे नाही.

‘आयपी६८’ ही फोन धूळ आणि पाण्यापुढे किती टिकतो हे सांगणारी श्रेणी. यातला ६ हा आकडा धुळीसाठी आहे, ८ पाण्यासाठी. आयईसी ६०५२९ या आंतरराष्ट्रीय मानकात पाण्याचा आकडा ७ म्हणजे १ मीटर खोल पाण्यात ३० मिनिटे टिकणे. ८ ची चाचणी त्याहून कडक असते, पण खोली आणि वेळ उत्पादकच ठरवतो. चाचणी प्रयोगशाळेत, नव्या फोनवर, साध्या पाण्यात होते. साबणाचे किंवा समुद्राचे पाणी त्यात धरलेले नसते. शिवाय फोन दोन-चारदा आपटला की आतली सीलबंद कड सैल होऊ शकते, मग आकडा कागदावरच राहतो. म्हणूनच अ‍ॅपल आणि सॅमसंगसारख्या कंपन्याही पाण्याने झालेले नुकसान साध्या वॉरंटीत धरत नाहीत. आयफोनच्या सिम-खाचेतली खूण पाणी लागले की लाल होते, आणि दुरुस्तीवाले आधी तीच पाहतात. अपघाती नुकसानाचे संरक्षण वेगळे विकत घ्यावे लागते.

त्याच संदेशातले ‘मुलालाच जबाबदार धरा’ हे वाक्य मला जास्त खटकले. तीन वर्षांच्या मुलाला किंमत कळत नाही. फोन त्याच्या हाती मोठ्यांनीच दिलेला असतो. रागावण्याच्या भीतीने मूल ओला फोन लपवते, कुणीतरी नकळत तो चार्जिंगला लावते, आणि वाचू शकला असता तो फोनही जातो.