नीलकुरिंजीची फुलं ‘घेऊन या’ म्हणणाऱ्यांना

"नीलकुरिंजी बारा वर्षांतून एकदाच दिसते, म्हणजे सिंहपुच्छ माकडापेक्षा दुर्मिळ. माकडं काय, ढिगाने आहेत. मुन्नारची फुलं संपायच्या आत घेऊन या. आणि उघड्या डोंगरांवर झाडं लावा, दोन्ही वाचतील." हा मेसेज मावशीने ‘विचार करण्यासारखं आहे’ असं लिहून घरच्या ग्रुपवर टाकला. केला विचार. एक वाक्य धड नाही.

फुलं बारा वर्षांनी येतात, झुडूप बाराही वर्षं तिथेच असतं. आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची लाल यादी फुलण्याचे हंगाम मोजत नाही. संख्या किती, किती वेगाने घटतेय, अधिवास किती उरला, हे बघते. त्या यादीत कुरिंजी ‘असुरक्षित’ आहे. सिंहपुच्छ माकड त्याहून वाईट अवस्थेत, ‘संकटग्रस्त’: प्रौढ माकडं 2,500 हूनही कमी.

ढिगाने दिसतात ती माकडं वेगळ्या जातीची. कोकणातल्या बागायतदारांचा त्रास खरा आहे, पण त्यांचे आंबे-नारळ सिंहपुच्छ माकड खात नाही. ते महाराष्ट्रात नाहीच. उत्तरेकडे त्याची हद्द कर्नाटकातल्या सिरसी-होन्नावरच्या जंगलात संपते.

‘फुलं घेऊन या’ हे मात्र वाचायलाही नको वाटतं. कुरिंजी आयुष्यात एकदाच फुलते, बी धरते आणि मरते. पुढची पिढी फक्त त्या बियांतून. फुलोरा तोडला की ते झुडूप बी न टाकताच जातं, आणि चूक सुधारायला त्याच्याकडे दुसरा हंगाम नसतो. 2018 मध्ये मुन्नार फुललं होतं, आता 2030 मध्ये फुलेल. तेव्हा येणाऱ्या गर्दीतल्या प्रत्येकाने एकेक तुरा खुडला तर काय उरेल? शिवाय कुरिंजी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत आहे. तोडणं गुन्हा आहे. मावशी, हे तुझ्या सहलीच्या ग्रुपवरही टाक.

एक मान्य करावं लागेल: प्राण्यांइतकं लक्ष झुडपांकडे कुणी देत नाही. कुरिंजीचं लाल यादीसाठी मूल्यमापन व्हायलाच 2024 उजाडलं.

पण झाडं लावून ती वाचणार नाही. माकडाला सलग सदाहरित जंगल लागतं, कुरिंजीला उंचावरची मोकळी गवताळ कुरणं. ती कुरणं ओसाड समजून तिथे निलगिरी आणि वॅटल (ऑस्ट्रेलियन बाभूळ) लावले गेले, चहाचे मळे झाले, आणि कुरिंजीची जागा गेली ती त्यातच.