“कॅमेऱ्याला पासवर्ड आहे ना?” एवढ्याने भागत नाही

लॉज, होमस्टे आणि खानावळवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. मतलब असा: कॅमेरे आणि गेस्ट वायफाय वेगळं करा म्हणणं हे कॅमेरेवाल्यांचं बिल फुगवायचं खूळ आहे, कॅमेऱ्याला पासवर्ड असतोच, छोट्या धंद्याकडे कुणी हॅकर फिरकत नाही, आणि वेगळं केलं की मालकाला मोबाइलवर फुटेज दिसत नाही. बिलाबद्दलची तक्रार अगदीच खोटी नाही, पण तिच्याकडे नंतर येऊ.

आधी पासवर्ड. गेस्ट वायफायचा पासवर्ड काउंटरवर चिकटवलेला असतो. तो टाकला की माणूस तुमच्या नेटवर्कच्या आत. एनव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डबा, त्याच नेटवर्कवर असेल तर त्याचं लॉगिनचं पान त्या माणसाच्या मोबाइलवर उघडतं. पुढचा अडसर म्हणजे बसवणाऱ्याने टाकलेला पासवर्ड, आणि तो बरेचदा त्याच्या सगळ्या गिऱ्हाइकांकडे एकच असतो. बरं, तुम्ही तो बदलून चांगला भक्कम ठेवलात असं धरू. सप्टेंबर २०२१ मध्ये हिकव्हिजन या कॅमेरे बनवणाऱ्या कंपनीच्या अनेक मॉडेलांमधली एक त्रुटी जाहीर झाली. तिच्यात युजरनेम-पासवर्ड काहीही न देता कॅमेऱ्याला हुकूम सोडता येत होता. त्याच वर्षी दाहुआ या दुसऱ्या कॅमेरा कंपनीच्या काही मॉडेलांत लॉगिन चुकवून आत शिरायची वाट सापडली. दोन्ही कंपन्यांनी दुरुस्त फर्मवेअर (कॅमेऱ्याच्या आतलं सॉफ्टवेअर) दिलं. तुमच्या भिंतीवरच्या कॅमेऱ्यात ते चढवायला शिडी घेऊन कोण आलं होतं?

“छोट्या धंद्याकडे कोण बघतं?” माणूस बघत नाही, प्रोग्राम बघतो. २०१६ सालच्या मिराई या घुसखोर प्रोग्रामने कोण मोठा, कोण छोटा हे पाहिलंच नाही. कारखान्यातून येणाऱ्या साठेक युजरनेम-पासवर्डच्या जोड्या घेऊन तो दिसेल त्या कॅमेऱ्याचं, डीव्हीआरचं (एनव्हीआरसारखाच चित्रण साठवणारा डबा) दार वाजवत सुटला. असे ताब्यात आलेल्या यंत्रांच्या फौजेने केलेल्या हल्ल्यात २१ ऑक्टोबर २०१६ रोजी वेबसाइटच्या नावांवरून त्यांचे पत्ते शोधून देणारी डाइन ही कंपनी कोलमडली आणि अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्स अडकले. तुमच्याकडे उतरलेला पाहुणा सज्जन असेल, पण त्याच्या लॅपटॉपमध्ये काय बसलंय हे त्यालाही ठाऊक नसतं.

आपल्या जवळचं उदाहरण राजकोटचं. तिथल्या एका प्रसूती रुग्णालयातल्या कॅमेऱ्यांचं चित्रण विकलं जात असल्याचं फेब्रुवारी २०२५ मध्ये उघड झालं, आणि पकडलेल्यांमध्ये लातूर-सांगलीकडचेही होते. तिथे घुसखोरी इंटरनेटवरून झाली होती. गेस्ट वायफाय वेगळं करून ती थांबली नसती, हे कबूल. पण “आपल्याकडे कोण बघतं” हा मुद्दा तिथेच निकालात निघतो.

फुटेज बंद पडण्याचं म्हणाल तर तसं होत नाही. मोबाइल अ‍ॅप एनव्हीआरशी कंपनीच्या सर्व्हरमार्फत बोलतं. एनव्हीआरला बाहेर जायला इंटरनेट मिळालं की झालं.

मेसेजखाली काही जणांनी लिहिलंय, “आमच्याकडे दुसरा राउटर आहे, म्हणजे वेगळंच झालं की.” खरी फसगत इथे होते. नेहमीची जोडणी अशी: इंटरनेटवाल्याच्या डब्यावर काउंटरचा कॉम्प्युटर आणि एनव्हीआर, आणि त्याच डब्याला जोडलेला दुसरा राउटर गेस्टसाठी. दुसऱ्या राउटरमागचा पाहुणा पहिल्या डब्यावरच्या एनव्हीआरपर्यंत आरामात पोचतो, कारण इंटरनेटला जायचा त्याचा रस्ताच तिथून जातो. अडवलं जातं ते उलट दिशेने. म्हणून जागा बदला: गेस्ट पहिल्या डब्यावर, आणि काउंटर व एनव्हीआर दुसऱ्या राउटरच्या मागे. या राउटरवर पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरच्याला थेट आतल्या यंत्राकडे धाडणारी सोय) बंद, आणि पहिल्या डब्याचा अ‍ॅडमिन पासवर्ड बदललेला. दुसरा राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट मोडवर, म्हणजे नुसतं पहिल्याच नेटवर्कचं वायफाय पसरवायला, टाकलात तर मात्र सगळं पुन्हा एकच. त्या मोडवर कित्येक राउटरांचं “गेस्ट नेटवर्क” हे बटणही नुसतं नावाला उरतं.

खात्री करायची तर मोबाइल डेटा बंद करा, गेस्ट वायफाय जोडा आणि ब्राउझरमध्ये एनव्हीआरचा आयपी पत्ता टाका. तो एनव्हीआरच्या नेटवर्क मेन्यूत दिसतो. लॉगिनचं पान आलं तर दार उघडं आहे. पान आलं नाही म्हणून लगेच खूश होऊ नका. व्हिडिओ एनव्हीआरच्या ५५४ नंबरच्या पोर्टवरूनही (नेटवर्कवरचं आत यायचं आणखी एक दार) मिळतो, तो पोर्ट तपासणाऱ्या एखाद्या अ‍ॅपने बघून घ्या.

आता बिल. पाच-सहा कॅमेऱ्यांच्या होमस्टेला फायरवॉलचा डबा (नेटवर्कवरची ये-जा गाळणारा) आणि मोठा मॅनेज्ड स्विच (केबली जोडायचा, सेटिंग बदलता येणारा डबा) गळ्यात मारणारे आहेत, ते खरंच. वर सांगितलेल्या जोडणीला हजार-दीड हजाराचा राउटर पुरतो. कॅमेरे एनव्हीआरच्या मागच्या पीओई पोर्टात (एकाच केबलवरून वीज आणि नेटवर्क दोन्ही देणारी खाच) थेट लावले असतील तर ते बहुधा त्याच्याच खासगी नेटवर्कात असतात, सांभाळायचा उरतो एकटा एनव्हीआर. व्हीलॅनवाला (एकाच केबलवर वेगवेगळी नेटवर्कं वेगळी ठेवणारा) स्विच लागतो तो एकाच केबलवरून काउंटर, कॅमेरे आणि गेस्ट तिघांनाही न्यायचं असेल तेव्हा. कोटेशनमध्ये तो दिसला तर अशी केबल तुमच्याकडे नेमकी कुठली, हे दाखवायला सांगा.