नव्या अ‍ॅनिमोनला पहिल्याच दिवशी कोळंबी भरवू नका

सोलापुरात खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणाऱ्यांमध्ये अ‍ॅनिमोन या फुलासारख्या दिसणाऱ्या समुद्री प्राण्याबद्दल व्हॉट्सॲपवर एक संदेश हातोहात फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: ‘अ‍ॅनिमोन प्रवासातून उपाशी येतो, आणल्या दिवशीच कोळंबीचा मोठा तुकडा भरवा. आकसला तर भूक लागली समजा. रोज भरवलं तर साधी लाईट चालते. टाकी महिनाभर जुनी असली की पुरे. सोबत क्लाउनफिश मासा सोडा, तोच त्याला खाऊ घालतो.’ या सल्ल्याने जीव जातात, म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

‘आणल्या दिवशीच भरवा’

मुंबईहून सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्रभर पिशवीत आलेला अ‍ॅनिमोन उपाशी नसतो, तो थकलेला असतो. त्याच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं. उजेडात ते अन्न तयार करतं आणि अ‍ॅनिमोनची बरीचशी गरज त्यावरच भागते. आठवडाभर खायला मिळालं नाही म्हणून धडधाकट अ‍ॅनिमोन मरत नाही. पचनाला ताकद लागते आणि नेमकी तीच या वेळी कमी असते. शिवाय त्याला तोंड एकच. खाणं जिथून आत जातं तिथूनच घाण बाहेर पडते. न पचलेला तुकडा आत सडायला लागला की पोटाची पोकळीच खराब होते.

पहिल्या दिवशीचं खरं काम वेगळं आहे. पिशवी बंद ठेवून २० मिनिटं टाकीत तरंगू द्या. मग उघडून पिशवीतल्या पाण्याची क्षारता (खारटपणा) रिफ्रॅक्टोमीटर या मापकाने मोजा. विक्रेत्याकडे ती १.०२० असू शकते, तुमच्या टाकीत १.०२६ हवी. एवढा फरक असेल तर एअर पंपाच्या नळीला गाठ मारून टाकीचं पाणी पिशवीत सेकंदाला दोन-तीन थेंब सोडा, साधारण तासभर. त्याहून लांबवू नका. लांबच्या प्रवासात पिशवीत अमोनिया साठतो आणि पिशवी उघडल्यावर कार्बन डायऑक्साइड उडून पीएच चढला की तोच अमोनिया जास्त विषारी होतो. पिशवीतलं पाणी टाकीत ओतायचं नाही. त्या दिवशी लाईट मंद ठेवा, आणि पॉवरहेडच्या (पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या) तोंडाला आधीच स्पंज किंवा जाळी लावा, कारण नवा अ‍ॅनिमोन जागा शोधत फिरतो आणि पंख्यात सापडला तर चिंधड्या होतात.

पाच-सात दिवस काही देऊ नका. पायाने (खालच्या चिकट बुडाने) दगड घट्ट धरलाय, तोंड मिटलेलं आहे, लाईटखाली पूर्ण फुलतोय आणि शुंडकं (तोंडाभोवतीची लवचिक बोटं) चिकटतात, या चारही गोष्टी दिसल्या की मगच खाणं.

‘आकसला म्हणजे भूक लागली’

नाही. अंगातलं पाणी आणि घाण बाहेर टाकण्यासाठी तो आकसतो आणि काही तासांत पुन्हा फुगतो. तपकिरी, चिकट धागे बाहेर येताना दिसतात, ते नेहमीचंच. नवा असताना दिवस-दोन दिवस असं चाललं तरी घाबरू नका. अशा वेळी चिमट्याने तोंडात कोळंबी कोंबणं हे सर्वांत वाईट.

काळजीची लक्षणं वेगळी: तोंड आ वासलेलं आणि आतला भाग बाहेर लोंबणारा, पाय सुटून लोळणं, शुंडकं न चिकटणं, आणि अंगाचे तुकडे सुटून कुजका वास येणं. शेवटचं दिसलं तर वाट पाहू नका, लगेच बाहेर काढा. मेलेला अ‍ॅनिमोन लवकर विरघळतो आणि त्याच्या अमोनियाने अख्खी टाकी जाते.

‘रोज भरवलं तर साधी लाईट चालते’

या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, तेवढं मान्य करू. अंगातलं शेवाळ गमावून पांढरा पडलेला अ‍ॅनिमोन सावरत असताना त्याला बारीक तुकडे जरा जास्त वेळा द्यावे लागतात. पण तो सावरतो शेवाळ परत वाढल्यावर, आणि ते उजेडाशिवाय वाढत नाही. कोळंबीने फक्त वेळ मिळतो. दुकानात पांढराशुभ्र किंवा भडक पिवळा दिसणारा अ‍ॅनिमोन सुंदर म्हणून घेऊ नका. तो बहुधा शेवाळ गमावलेला असतो, कधी रंगवलेलाही. थोडी तपकिरी झाक हीच तब्येतीची खूण.

रीफसाठी (प्रवाळाच्या टाकीसाठी) बनवलेली एलईडी रोज आठ ते दहा तास हवी. सुरुवात निम्म्या तीव्रतेने करा आणि दोन-तीन आठवड्यांत वाढवत न्या. खिडकीतल्या उन्हावर विसंबू नका. पाणी तापेल आणि काचेवर शेवाळ माजेल.

खाण्याचं प्रमाण: आठवड्यातून एक किंवा दोनदा, तुकडा तोंडापेक्षा लहान. मध्यम आकाराच्या बबल टिप जातीच्या अ‍ॅनिमोनला ५ ते ८ मिलिमीटर पुरे. कोळंबी कच्ची, सोललेली, मीठ-हळद न लावलेली. बाजारातली बर्फातली कोळंबी आरओच्या पाण्यात नीट धुवा, तुकडे करून गोठवा आणि लागेल तेवढेच वितळवा. उजनीची चिलापी स्वस्त मिळते, पण गोड्या पाण्यातला मासा रोजचं खाणं करू नये. समुद्री खाणंच बरं. देताना पंप दहा मिनिटं बंद करा आणि तुकडा तोंडात न कोंबता शुंडकांवर ठेवा. टाकीतला क्लीनर श्रिंप (जिवंत कोळंबी) तो पळवत असेल तर कापलेली प्लॅस्टिकची बाटली वरून झाका. थोड्या वेळाने घेतलेला तुकडा ओकला तर पुढच्या वेळी निम्मा द्या आणि ओकलेला लगेच उचला.

‘टाकी महिनाभर जुनी पुरे’

महिन्याभरात अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर येतात, हे खरं. पण अ‍ॅनिमोनला त्याहून जास्त लागतं: पाणी रोज तेच असावं लागतं. नव्या टाकीत अल्कलिनिटी (पाण्याची पीएच स्थिर ठेवण्याची ताकद), पीएच, नायट्रेट सतत हलत असतात. किमान सहा महिने थांबा. पाणी असं हवं: २४ ते २६ अंश, क्षारता ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग मीठ, म्हणजे रिफ्रॅक्टोमीटरवर साधारण १.०२६), अल्कलिनिटी ८ ते ९ डीकेएच (तिचं एकक), नायट्रेट १० पीपीएमच्या आसपास.

सोलापुरात यातलं तापमानच सर्वांत अवघड. एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या वर जातो. हवा कोरडी असल्याने पृष्ठभागावर पंखा लावला की पाणी दोन-तीन अंश उतरतं, पण खोलीच ३६ अंशांवर असेल तर ते पुरत नाही. मग चिलर किंवा एसीला पर्याय नाही. शिवाय पंख्याने पाणी उडतं, मीठ तिथेच राहतं. २०० लिटरच्या टाकीतून रोज चार लिटर उडाले आणि तीन दिवस भरले नाहीत तर ३५ ची क्षारता ३७ च्या वर जाते. म्हणून रोज, शक्य असल्यास ऑटो टॉप-अपने, गोडं पाणी भरा.

ते गोडं पाणी नळाचं किंवा बोअरचं नको. घरच्या आरओचंही तपासून घ्या: त्यातल्या टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलरमधून कच्चं पाणी मिसळलं जातं. पुढे डीआय कार्ट्रिज (उरलेले क्षार शोषणारा फिल्टर) लावून टीडीएस शून्य करा. नळाला काही दिवसांआड पाणी येतं, तेव्हा ४० लिटर तयार पाणी साठवलेलं असू द्या. लाईट गेली तर बॅटरीवरचा एअर पंप लगेच सुरू व्हायला हवा. आणि जुनी टाकी घेतली असेल तर त्यात तांबं असलेलं औषध वापरलं होतं का, हे आधी विचारा. अ‍ॅनिमोनला तांबं अगदी थोडंही सोसत नाही.

‘क्लाउनफिश खाऊ घालतो’

क्लाउनफिश कधी कधी तुकडे आणून टाकतो आणि त्याच्या अंगातून बाहेर पडणारा नायट्रोजन शेवाळाला मिळतो, हे बरोबर. पण न स्थिरावलेल्या अ‍ॅनिमोनला त्याचं सततचं घासणं जाचतं आणि तो फुलत नाही. मासा आधीपासून टाकीत असेल तर पहिले काही दिवस अ‍ॅनिमोनवर जाळीची टोपली उपडी ठेवा. नसेल तर दोन-तीन आठवड्यांनी सोडा. आणि हॅडोनी कार्पेट जातीचा अ‍ॅनिमोन घेतला असेल तर इतर लहान मासे ठेवू नका. तो ते पकडून खातो.