ती जॉयस्टिक कचरा नाहीये

सकाळपासून डोकं तापलंय, लिहिल्याशिवाय शांत होणार नाही म्हणून लिहितेय, लांबलं तर लांबलं. बेसमेंट आवरायला काढलं होतं, धाकट्याला मदतीला घेतलं. त्याने तीन खोकी केली, ठेवायचं, देऊन टाकायचं आणि ई-वेस्ट. मी चहा करून खाली आले तर ई-वेस्टच्या खोक्यात, बंद पडलेला राउटर आणि चार्जरच्या गुंत्याखाली, ती काळी जॉयस्टिक, टीव्हीवर गेम खेळायची दांडी. दोन मोठ्ठी लाल बटणं, आणि डाव्या बटणाच्या शेजारी आईची मरून टिकली, अजून चिकटलेली. मी उचलली तर म्हणतो, आई अगं हे सगळे गेम ब्राउझरमध्ये फुकट मिळतात, आणि आपल्या टीव्हीला ही पिवळी पिन लागतसुद्धा नाही.

तेव्हा मी काही बोलले नाही. टिकली पडू नये म्हणून पदराआड धरतात तशी ओढणीत धरून वर आणली. आता बोलते.

तुमच्यापैकी जे तिकडे भारतात वाढले त्यांना टीव्ही गेम म्हटलं की तो कार्ट्रिजवाला आठवेल, मारिओ, काँट्रा, उन्हाळ्याची सुट्टी, भाड्याने आणलेला. आमच्या घरी न्यू जर्सीला, एडिसनमध्ये, होता कमोडोर ६४. कीबोर्डमध्येच अख्खा कॉम्प्युटर, टीव्हीला जोडायचा. १९८२ साली निघाला तेव्हा ५९५ डॉलरचा होता, वर्षभरात किंमत धाडकन खाली आली आणि खेळण्यांच्या दुकानातसुद्धा मिळायला लागला, तेव्हा कुठे आमच्यासारख्यांना परवडला. बाबांनी आणला तो दादासाठी. अभ्यासासाठी. मला हात लावायची परवानगी नव्हती, मोडशील म्हणायचे. आईला तर कोणी विचारायचा प्रश्नच नव्हता.

आणि मग १९८५च्या जानेवारीत मला कांजिण्या झाल्या. माझी शाळा बंद, बाहेर गुडघाभर बर्फ, बाबा ऑफिसला, दादा शाळेत, घरात मी आणि आई. आई मिरजेहून येऊन दीडच वर्ष झालेलं, इंग्रजी समजायचं थोडं पण बोलायची हिंमत व्हायची नाही, दुकानात माझा हात धरून उभी राहायची आणि मला बोलायला लावायची. तर मी खाजवून खाजवून रडत होते, आणि ही बाई, जिने त्या मशीनला कधी फडक्याने पुसण्यापलीकडे हात लावला नव्हता, ती म्हणाली, चल तुझ्या दादाचं ते लावू या. पण कुणाला सांगायचं नाही हं.

दादाने काय टाइप करायचं ते मी चोरून पाहून ठेवलेलं. फ्लॉपी ड्राइव्ह इतका हळू होता की आई मध्येच जाऊन कुकर लावून यायची, दोन शिट्ट्या होईपर्यंत गेम लोड व्हायचा. इम्पॉसिबल मिशन. ज्यांनी खेळलाय त्यांना सांगायलाच नको. एक गुप्तहेर, जमिनीखालची खोल्याच खोल्या असलेली जागा, फिरते रोबो, आणि प्रत्येक खोलीत सोफे, कपाटं, टेबलं. त्यांची झडती घ्यायची, आत कोड्याचे तुकडे दडवलेले. सहा तास मिळतात, मेलात की दहा मिनिटं कापली जातात. आणि सुरुवातीला तो खलनायक बोलतो. खरंच बोलतो, माणसाच्या आवाजात, १९८४च्या ६४ केबीच्या मशीनमधून! म्हणतो की आलात तर आता कायमचे राहा इथेच.

पहिल्यांदा आई दचकून उठली. दुसऱ्यांदा तिने त्याला उत्तर दिलं. मराठीत. "राहायला वेळ नाही रे बाबा, कुकर लावलाय."

त्यानंतर रोज. तो बोलला की आई उत्तर द्यायची. या देशात आल्यावर इंग्रजीला माझ्या आईने पहिल्यांदा उलट उत्तर दिलं ते त्या टीव्हीसमोर गालिच्यावर बसून, आणि हे सांगताना मला आजही घशात काहीतरी होतं.

आणि काय खेळायची! उड्या मारायला घाबरायची, रोबो दिसला की जॉयस्टिक मला द्यायची, "तू उडी मार, मी शोधते". पण शोधणं तिचं. कुठलं कपाट राहिलंय, कुठला सोफा बघून झालाय, सगळं डोक्यात. आयुष्यभर घरात सगळ्यांच्या किल्ल्या, चष्मे, पावत्या शोधून देणारी बाई ती. साडेतीन वाजता दादाची बस यायची त्याआधी सगळं जसंच्या तसं ठेवायचं, जॉयस्टिकची वायरसुद्धा त्याने गुंडाळलेली तश्शी. तीन आठवडे चाललं हे. कांजिण्या गेल्या तर मी रडले होते.

तर ही झाली जुनी गोष्ट. ही जॉयस्टिक त्यानंतर जवळजवळ वीस वर्षांनी आली, आणि माझा खरा राग इथे आहे, कारण लोकांना वाटतं एखाद्या कंपनीने जुने गेम उचलून स्वस्तातल्या प्लॅस्टिकमध्ये कोंबले. तसं नाहीये हो. कमोडोर कंपनी १९९४ सालीच बुडाली होती. ही जॉयस्टिक बनवली जेरी एल्सवर्थ नावाच्या बाईने. १९७४चा जन्म, म्हणजे माझ्याच वयाची. ओरेगन राज्यात वाढली, शाळा अर्धवट सोडली, रेसच्या गाड्या बनवायची, मग कॉम्प्युटरची दुकानं चालवली, चिप डिझाइन स्वतःचं स्वतः शिकली, इंजिनीअरिंगची डिग्री नाही. आणि तिला पहिला कॉम्प्युटर कुठला मिळाला? कमोडोर ६४. वडिलांनी भावासाठी आणलेला! आठ वर्षांची असताना मागे लागून लागून तिने तो वापरायला मिळवला. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा खुर्चीतून उठून खिडकीपाशी जाऊन उभी राहिले होते. भावासाठी आणलेला. ओरेगनमध्ये पण तेच, एडिसनमध्ये पण तेच.

तिने काय केलं तर त्या जुन्या बोर्डावर जे वेगवेगळ्या चिपांचं काम होतं, प्रोसेसर वेगळा, चित्राची चिप वेगळी, आवाजाची सिड वेगळी, ते सगळं नव्याने रचून एका चिपमध्ये बसवलं आणि ती चिप जॉयस्टिकच्या बुडात. म्हणजे हे फोनवरच्या सॉफ्टवेअरसारखं सोंग नाही, ही दांडी म्हणजेच कॉम्प्युटर. चार पेन्सिल सेल घाला, पिवळी-पांढरी पिन टीव्हीला लावा, ३० गेम, लोड व्हायची वाट बघायला नको. ३० डॉलर. २००४च्या ख्रिसमसच्या आधी क्यूव्हीसी या टीव्हीवरून वस्तू विकणाऱ्या चॅनलवर विकायला आली आणि एका दिवसात ७०,००० गेल्या. आमची त्यातलीच.

आणि पुढचं ऐका. त्या बाईने आत बोर्डावर कीबोर्ड आणि डिस्क ड्राइव्ह जोडायच्या जागा ठेवून दिल्या. डब्यावर कुठे लिहिलेलं नव्हतं. ज्याला सोल्डरिंग येतं त्याने उघडावं, थोड्या तारा जोडाव्या, की खेळणं परत पूर्ण कॉम्प्युटर. बेसिक ही प्रोग्रामिंगची भाषासुद्धा आत लपवून ठेवलेली. विकणाऱ्यांना हवं होतं खेळणं, तिने त्यांना खेळणं दिलं आणि त्याच्या पोटात दुसऱ्या कुठल्यातरी आठ वर्षांच्या मुलीसाठी अख्खं मशीन ठेवलं. हे तुम्ही ई-वेस्टमध्ये टाकणार?

बरं, आहे, कबूल आहे, तिच्या आवाजाला मूळ चिपची खोली नाही. आणि जॉयस्टिक एकच, त्यामुळे दोघांनी एकदम खेळायचं म्हटलं तर नाही जमत. आणि हो, ब्राउझरमध्ये फुकट मिळतात, कदाचित जास्त हुबेहूब मिळतात. मिळू देत.

पण एकच जॉयस्टिक असली की ती हातातून हातात द्यावी लागते ना! आईला मी ती २००४ला दिली तेव्हा बाबा जाऊन सहा महिने झाले होते. दिवाळीत दिवे लावले नव्हते तिने. डिसेंबरमध्ये पार्सल आलं, मी काही न सांगता टीव्हीला लावलं, यादीतून इम्पॉसिबल मिशन काढलं आणि तिच्या हातात दिलं. चष्मा नव्हता तिच्या डोळ्यांवर. गेम सुरू झाला न झाला तोच, तो काही बोलायची वाटसुद्धा न बघता, आईच म्हणाली, "राहायला वेळ नाही रे बाबा."

आणि मग रडली. आणि मग रोबो आल्यावर दांडी माझ्याकडे दिली, तू उडी मार.

टिकली तिने नंतर लावली. संधिप्रकाशात कुठलं बटण दाबायचं कळावं म्हणून, बोटाला लागावी अशी. एक टीव्हीच्या पिवळ्या भोकाशेजारी पण लावली होती, तो टीव्ही गेला २०११ला, त्याच्याबरोबर ती टिकली पण गेली, तेव्हा मला सुचलंच नाही काढून ठेवायचं. आई गेली त्याला आता सहा वर्षं होतील. तिच्या साड्या आहेत, पोळपाट आहे, वहीतल्या रेसिप्या आहेत, त्या कुणी कचऱ्यात टाकेल का? सगळे म्हणतील आईची आठवण, जपून ठेव. मग ही का नाही? कारण प्लॅस्टिकची आहे, कारण खेळ म्हणजे मुलांचा, आई म्हटलं की साडी आणि पोळपाटच आठवायला हवं का आपल्याला? माझ्या आईच्या हाताच्या खुणा पोळपाटावर आहेत तशाच या दांडीवर आहेत. वरचा लाल गोळा एका बाजूने गुळगुळीत झालाय, बघा हवं तर येऊन.

धाकट्यावर मी चिडले ते बरोबर नव्हतं, आत्ता लिहिता लिहिता जाणवतंय. आज्जीबरोबर तो खेळायचा तेव्हा तीन-चार वर्षांचा होता, त्याला टिकली कसली तेच माहीत नव्हतं, त्याला वाटलं कुठलातरी स्टिकर. मीच कधी सांगितलं नाही. मघाशी वर आला होता, दारात उभा राहून विचारलं, आज्जी उड्या मारायची की शोधायची? म्हटलं शोधायची. गेला परत खाली, खोकी उपसतोय आवाजावरून.

ही जुनी पिन नव्या टीव्हीला जोडायचा कन्व्हर्टर मागवलाय, गुरुवारी येईल, पण मला ते सपाट टीव्हीवर नकोय खरं तर. एडिसन, इसेलिन, पिस्कॅटवे भागात कोणाच्या बेसमेंटमध्ये जुना ट्यूबचा टीव्ही पडून असेल, समोर पिवळं-पांढरं भोक असलेला, चालू असेल तर टाकू नका. मला मेसेज करा, मी गाडी घेऊन येते, सोबत उचलायला धाकट्याला आणते.