डोंगर धूरही चढतो

सध्या एक मजकूर जोरात फिरतोय: 'धूर-धूळ जड असते, ती खालीच बसते. डोंगरावर हवा शुद्धच असते, म्हणून तर कार्बन डायऑक्साइड मोजायला हवाईतला मौना लोआ हा ज्वालामुखी डोंगर निवडला. मग तिथे प्रदूषण मोजायची यंत्रं बसवून पैसा कशाला घालवायचा?'

आधी 'जड' बघू. जाडी धूळ खाली बसते, मान्य. पण पीएम २.५ म्हणजे हवेतले अतिसूक्ष्म कण, केसाच्या जाडीच्या जेमतेम तिसाव्या हिश्श्याचे. ते कित्येक दिवस तरंगतात, वारा नेईल तिकडे जातात. आणि वारा डोंगर चढतो. उन्हाने उतार तापले की दरीतली हवा वर सरकू लागते. एव्हरेस्टच्या पायथ्याजवळ ५०७९ मीटर उंचीवर २००६ मध्ये मोजणी सुरू झाली तेव्हा हेच दिसलं: पावसाळ्याआधीच्या महिन्यांत दुपारनंतर काजळी वाढते. आसपास एकही कारखाना नाही! ही काजळी बर्फावर बसली की बर्फ जास्त ऊन शोषतो आणि लवकर वितळतो.

मौना लोआचं उदाहरण तर मजकूर लिहिणाऱ्यावरच उलटतं. शास्त्रज्ञ चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांनी सुरू केलेली तिथली कार्बन डायऑक्साइडची नोंद १९५८ पासूनची, केंद्र सुमारे ३४०० मीटरवर. तरीही तिथला प्रत्येक आकडा जसाच्या तसा घेत नाहीत. दिवसा खालून येणाऱ्या हवेतला थोडा कार्बन डायऑक्साइड झाडांनी आधीच शोषलेला असतो. रात्री उतारावरून ज्वालामुखीचा वायू येऊ शकतो. म्हणून आकडे स्थिर असलेले तासच हिशोबात धरतात. सगळे तास मोजल्याशिवाय त्यातले स्वच्छ कोणते हे कळणार कसं?

शिवाय डोंगराळ भाग म्हणजे नुसती शिखरं नव्हेत. थंडीत गार हवा खोऱ्याच्या तळाशी साचते आणि वरचा उबदार थर तिच्यावर झाकणासारखा बसतो. काठमांडूचं खोरं सुमारे १३०० मीटरवर असूनही हिवाळ्यात धुरकटतं ते यामुळेच. इथे 'खालीच बसते' हे खरं ठरतं, फक्त तिथे माणसं राहतात.

पैशाच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे. स्वस्त लेझर सेन्सर दाट धुक्यात पाण्याचे थेंबही कण म्हणून मोजतो आणि निर्मळ सकाळ विषारी ठरवतो. असे आकडे गोळा करणं वायाच. म्हणून चांगल्या केंद्रांत हवा यंत्रात सोडण्याआधी वाळवून घेतात.