'सिंथेटिक तेल खराब होत नाही' म्हणणाऱ्यांना

गेले काही दिवस इंदूरच्या आमच्या मराठी मंडळींत एक मेसेज हातोहात फिरतोय. माझ्या मावसभावानेही परवा तो पाठवला आणि खाली लिहिलं, "दादा, तू उगाच पैसे घालवतोस." मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: टर्बो (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा ढकलणारा पंखा असलेल्या) आणि परफॉर्मन्स गाड्या महाग पडतात त्या गॅरेजवाल्यांच्या ऑइल चेंजमुळे. आताचं सिंथेटिक (रासायनिक प्रक्रियेने बनवलेलं) इंजिनचं तेल खराब होतच नाही, कंपनी स्वतः १५,००० किलोमीटर सांगते. गाडी कमी चालत असेल तर वर्षातून एकदा तेल बदलायची अटही सोडा. आणि वॉरंटी संपली की कुठलंही ५डब्ल्यू-४० (तेलाच्या घट्टपणाचा आकडा) घाला, सगळं सारखंच.

मावसभावाने मागच्याच वर्षी सेकंडहँड टर्बो पेट्रोल घेतली आहे. त्याचं इंजिन या मेसेजपायी जाऊ नये, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी वर्षाच्या अटीचं, कारण सगळ्यात घातक सल्ला तोच आहे. माझा रोजचा रस्ता राजेंद्र नगर ते भंवरकुआं, चार-पाच किलोमीटर. वर्षाकाठी गाडी जेमतेम सहा हजार चालते. मेसेजच्या हिशेबाने मी अडीच वर्षं तेलाला हात लावायला नको. पण एवढ्याशा अंतरात तेल तापतच नाही. मीटरवरचा काटा मध्यावर येतो तो कूलंटचा, तेल त्याच्या बरंच मागून तापतं. थंड इंजिनला पेट्रोल जास्त लागतं, आणि डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनात ते थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं. त्यातलं थोडं न जळता भिंतीवरून ओघळून खाली तेलात उतरतं. ज्वलनातून निघालेली वाफही पाणी होऊन तिथेच जमते. लांबच्या प्रवासात तेल ९०-१०० अंशांवर टिकलं की पाणी आणि बरंचसं पेट्रोल उडून जातं. भंवरकुआंपर्यंत जाऊन बंद केलेल्या गाडीत ते साचतच राहतं.

जानेवारीत एकदा सकाळी मी ऑइल कॅप उघडली, तर आतून मलईसारखा पिवळट थर बसलेला. डिपस्टिक पुसून पुन्हा घातली. पातळी तेल बदललं तेव्हापेक्षा किंचित वर. थेंब बोटावर चोळून नाकाशी धरला तर पेट्रोलचा वास. "आमची गाडी तेल अजिबात पीत नाही" असं कौतुकाने सांगणाऱ्यांनी हा वास एकदा घेऊन बघावा. तेल कमी होत असतं, पण पेट्रोल त्याची जागा भरून काढत असतं.

आता 'सिंथेटिक खराब होत नाही'. सिंथेटिक बेस ऑइल उष्णतेला खनिज तेलापेक्षा पुष्कळ जास्त टिकतं, हे अगदी खरं. पण डब्यात नुसतं बेस ऑइल, म्हणजे मूळ तेल, नसतं. काजळी धरून ठेवणारे, आम्ल मारणारे, झीज रोखणारे घटक त्यात मिसळलेले असतात आणि ते काम करता करता संपतात. टर्बोत तर तेलाची परीक्षाच असते. छोट्या टर्बोचा दांडा मिनिटाला दोन लाख फेऱ्यांच्या घरात फिरतो, तो तेलाच्या पातळ थरावर तरंगत. शेजारून जाणारा धूर ९०० अंशांच्या आसपास. मानपूरचा घाट जोरात चढून ढाब्यावर लगेच चावी बंद केली, की टर्बोत अडकलेलं तेल तिथेच भाजतं आणि त्याचा कोळसा होतो. म्हणून मिनिटभर गाडी चालू ठेवावी, किंवा शेवटचे दोन किलोमीटर शांतपणे चालवावी.

तेल काळं झालं म्हणजे ते संपलं, असं सांगून बदलायला लावणारे गॅरेजवाले आहेत. तिथे मेसेजवाल्याचा राग मला पटतो. काळं होणं म्हणजे तेल काजळी धरतंय, एवढंच. रंगावरून काही ठरत नाही.

'कंपनी १५,००० सांगते'. सांगते, पण त्याला जोडून '१५,००० किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते' असं असतं. आणि पुष्कळ गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये धूळ, कडक ऊन, थोड्या अंतराच्या फेऱ्या, सतत थांबत-थांबत चालणं, अशा वापराला मुदत कमी करायला सांगितलेलं असतं. राजवाड्याच्या गर्दीत मे महिन्यात गाडी चालवणाऱ्याने ही यादी वाचली तर त्याला आपलंच वर्णन वाटेल. युरोपात फोक्सवॅगनच्या गाड्यांना ३०,००० किलोमीटर किंवा २ वर्षांपर्यंतची मुदत मिळते, हेही लोक पुढे करतात. तिथे ठरावीक लाँगलाइफ तेल लागतं आणि गाडी वापर बघून ती मुदत स्वतःच खाली आणते. आपल्याकडे तेवढा आकडाच फिरतो.

खर्चाचं मी वहीतून सांगतो. माझ्या १.८ टर्बोला साधारण पाच लिटर तेल, फिल्टर, मजुरी धरून एका वेळचे सात हजार होतात. वर्षातून एकदाऐवजी दोनदा बदललं तर जादा खर्च सात हजार, म्हणजे दिवसाला वीस रुपयांहून कमी. टायर, ब्रेक डिस्क, गिअरबॉक्सचं तेल, कूलंटचे प्लास्टिकचे भाग, व्हॉल्व्हवरचा कार्बन काढणं, या गाड्या खरोखर महाग पडतात त्या इथे. आणि सगळ्यात मोठं बिल मी भरलं ते तेलाच्या कंजुषीचंच. आधीच्या मालकाने तेलाची मुदत ताणली होती. सकाळी स्टार्ट करताना दोन सेकंद खडखड व्हायची. टायमिंग चेन (व्हॉल्व्ह वेळेवर उघडायला लावणारी साखळी) ताणून धरणारा टेन्शनर तेलाच्या दाबावर चालतो, तोच दाब वेळेवर पोचत नव्हता. मिस्त्रीने खालचा चेंबर उतरवून तेल ओढणारी जाळी माझ्या हातात दिली. अर्धी बुजलेली. "भिया, ये तेल नहीं, डामर है," एवढंच म्हणाला. चेन, टेन्शनर, सफाई मिळून लाखावर गेलं.

राहिलं 'कुठलंही ५डब्ल्यू-४०'. तो आकडा फक्त तेल थंडीत आणि गरमीत किती घट्ट राहतं ते सांगतो. लहान टर्बो डायरेक्ट इंजेक्शन इंजिनांत, इंजिन कमी फेऱ्यांवर फिरत असताना जोर दिला की मिश्रण वेळेआधी पेटून पिस्टन फुटल्याची प्रकरणं झाली. तेलातल्या कॅल्शियमच्या घटकांचा त्यात हात असल्याचं दिसलं, आणि मग २०२० मध्ये एपीआय या अमेरिकी पेट्रोलियम संस्थेचा एसपी हा तेलाचा दर्जा आला. तेव्हा डबा उलटा करून मागचं बारीक वाचा. फोक्सवॅगन-स्कोडाला ५०२ ०० किंवा ५०४ ००, बीएमडब्ल्यूला लाँगलाइफ-०१ वगैरे, कंपनीच्या मंजुरीचा जो क्रमांक तुमच्या मॅन्युअलमध्ये लिहिलाय तो डब्यावर हवा. मावसभावाला मी त्याच्या मॅन्युअलच्या त्या पानाचा फोटो मागितला आहे. रविवारी तो गाडी घेऊन आला की आधी डिपस्टिक काढू.